पांढरी पाच

नागपूरहून निघालेलं कुरिअर वडशाच्या स्टँडवर
दोन दिवस पडून होतं, बियाण्यांच्या पाकिटांखाली.
मोटरसायकलच्या टाकीवर मांडून मी ते कोंढाळ्याला आणलं,
खड्डा आला की एक हात त्याच्यावर,
अंड्यांचे ट्रे आणताना ठेवायचो तसा.

काळं, थंड, दोन विटांएवढं.
आठ भोकं पुढून, आठ मागून.
सोबत जाड पुस्तक, त्यात अकरा भाषा,
आपली नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे तेंदूपत्त्याचं जुनं गोदाम.
भिंतींना तेच ट्रे, दाराला तीन वाकळी,
छताखाली कोंड्याची पोती.
राइस मिल थांबली की रात्री दहानंतर रेकॉर्डिंग,
आणि त्याआधी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात
दोन बादल्या पाणी, मूठभर मीठ.
बारा वर्षं हा नेम चुकला नाही
तरी जुन्या डब्यातली घूं काही गेली नाही.
कमी व्हायची. आतून उठून ओसरीवर बसायची.
पण घरातच.

नव्याला वायर जोडली, हेडफोन चढवला, गेन पूर्ण.
काहीच नाही.
मला वाटलं, बंदच आहे.
मग ट्रेच्या मागून पाल चालली
आणि मला तिचे पाय मोजता आले.

त्या रात्री सोमाजी दोनाडकर आले,
चाळीस वर्षं दंडारीत बाई होऊन नाचलेला माणूस,
भुवया अजून कोरलेल्या.
पेटीवाला केशो नाकाडे मंडईत अडकलेला,
म्हणून आधी नुसता गळा भरायचा, पेटी मागून.
दरवर्षी असंच.
पांढरी पाच, केसभर चढी, केशो म्हणायचा,
याच्यापुढं माझी पेटीच उतरलेली वाटते.

लाल बटण दाबलं.
सोमाजींनी तोंड उघडलं. मिटलं.
पुन्हा उघडलं.
"सूर कोठी गेला गा?"
"कोणता सूर?"
"तोच. कानात राह्यते तो. तुह्या मशिनीतला."

बारा वर्षं मी जिला मीठपाण्यानं मारत होतो
तिच्यावर हा माणूस सा लावत होता.

मोबाइलवर तानपुरा लावून दिला.
ऐकला त्यांनी, मन राखायला. मग म्हणाले,
"हा नाई जमत. हा शिकलेला हाय."

बाहेर पडलो. थंडी, कापलेल्या धानाचा वास,
मिलमागची डीपी, तारेच्या कुंपणावर कवटी आणि हाडं.
सोमाजींनी कवटीच्या जवळ कान नेला,
दुकानात नाणं वाजवून पाहतात तसा.
"हा पाय. हाच."
तोंड मिटून सूर घेतला
आणि तसेच निघाले, मिटल्या तोंडानं,
डोईवर भरली गुंडी असावी अशी मान धरून.
वाटेत सरपंचाच्या पोरानं रामराम केला,
त्याला उत्तर मिळालं नाही.

दार लागलं, वाकळी पडल्या, पहिली ओळ सुटली.
दुसऱ्या कडव्याच्या मध्यात लाईट गेली.
इन्व्हर्टरनं डबा तोलून धरला, हिरवा दिवा तेवढा जागा.
बाहेर डीपी मुकी.
मिलमालकाचा कुत्रासुद्धा गप्प झाला, कशानं कोण जाणे.
सोमाजी गात राहिले
पायाखाली काही नसताना,
आणि मी काट्याकडं पाहत राहिलो,
तो आपल्या जागी.

जाताना चपला शोधत म्हणाले,
"जुना डबा भंगारात देशीन त मले सांगजो."
"काय कराल त्याचं?"
"गोठ्यात लावीन. पोरं तेथी तालीम करतेत,
सगळे येगयेगळ्या गावचे गातेत."

अजून दिलेला नाही.
कधी रात्री एकटा असलो की लावतो,
पाच मिनिटं.
त्या दिवशी खड्ड्यात पाणी टाकत नाही.